पाचव्या केंद्राची सपाट रेघ

आरोग्याच्या कामात होतो म्हटलं की समोरचा माणूस मनगट पुढं करतो. करडीला, आमच्या गावी, मी सुट्टीत आलो की दोन-चार म्हातारे धोतर वर करून गुडघे दाखवायला ओट्यावर बसलेले असत. मी डॉक्टर नाही, आकडेवाला आहे, हे सांगून सांगून थकलो. एकदा शेजारच्या गणबाजीनं विचारलं, "मंग तू दवाखान्यात करतोस तरी काय?" म्हटलं, डॉक्टर औषध देतात, ते लागू पडलं की नाही हे मी कागदावर मोजतो. गणबाजीनं तंबाखू मळत विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे काम त्याईनं कराचं अन् चुका तू काढाच्या. चांगली नोकरी हाये."

माझ्या कामाची याहून सोपी व्याख्या मला पुढं कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. फक्त एक गोष्ट गणबाजीला ठाऊक नव्हती. चूक काढणाऱ्याची चूक कोण काढणार? ती एकदा निघाली, आणि मोठी निघाली. तीच सांगायला बसलो आहे.

आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकपर्यंतही कुणी पोचलं नव्हतं. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालो. हे मी कुणी न विचारता सांगतो, आजही. बांधावर बसून लॉगॅरिथमचं कोष्टक पाठ केलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे असं मी समजतो. सांख्यिकी सहायक म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या एका आरोग्य पथकात लागलो. पथक हंगामी होतं, आता ते उरलेलं नाही, त्यामुळे नाव सांगून उपयोग नाही.

काम काय, तर एकच औषध चार-पाच ठिकाणी देऊन बघायचं आणि सगळीकडचे निकाल एकत्र बांधून एक उत्तर काढायचं. एका गावच्या पंधरा-वीस माणसांवरून काही ठरत नाही, पाच ठिकाणची माणसं एकत्र केली की आकड्याला वजन येतं. पण एकत्र करण्याआधी एक बघावं लागतं, की हे निकाल एका जातीचे आहेत का. चिन्नोरसारखा बारीक तांदूळ आणि जाडा तांदूळ एकाच गंजात रांधून बघा. चिन्नोरचा चिखल होईल आणि जाड्याचा दाणा कच्चा राहील. मग चमच्यानं ढवळून "भात मध्यम शिजला" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण ते जेवण कुणी जेवू शकत नाही. सरासरी ही अशी वस्तू आहे.

हे शहाणपण मला आज आहे. तेव्हा नव्हतं.

गोष्ट ऐंशीच्या आगेमागे घडली. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि तीन महिन्यांनी रक्त वाढलं का ते बघायचं, असं काम पथकाकडे आलं. पाच केंद्रं निवडली. प्रत्येक केंद्रावर एक नर्स. तिनं आधी रक्त तपासायचं, गोळ्या द्यायच्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तपासणी साधी होती. बोटातून थेंबभर रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात आम्ल घालायचं, थांबायचं. रंग तपकिरी होतो. मग थेंब थेंब पाणी घालून शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं आणि नळीवरची रेघ वाचायची.

नोंदींचा फॉर्म मी केला होता. स्टेन्सिल स्वतः टाइप केलं, सायक्लोस्टाइल करताना शाई स्वतः लावली. वर रकाने, खाली सहा सूचना. रिकामा रकाना नको, खाडाखोड नको, असा माझा कटाक्ष. साहेबांनी सही करताना फॉर्म सुबक आहे असं म्हटलं होतं आणि ते वाक्य मला दिवसभर पुरलं.

पथकाचे हे साहेब पुण्याकडचे. हुशार माणूस, पण कायम घाईत. चहासुद्धा उभ्यानं घेत.

तीन महिन्यांनी फॉर्म आले. मी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं पाच रेघा ओढल्या, प्रत्येक केंद्राची एक. चार रेघा खांद्याला खांदा लावून वर चढल्या. पाचवी शेताच्या बांधासारखी आडवी पडून राहिली. तिकडे गोळ्यांनी काहीच झालं नव्हतं.

साहेबांनी कागद बघितला, विचारलं कुणाचं केंद्र. मी सांगितलं, रामटेके सिस्टर, लाखांदूरकडचं. साहेब म्हणाले, ही बाई गावात फिरलेलीच दिसत नाही, घरी बसून आकडे भरलेत. मग मला म्हणाले, चार केंद्रांचं एकत्र करा, हे काढून टाका. मी लाल पेन काढलं आणि रामटेके सिस्टरच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली. पट्टी लावून मारली, वाकडी होऊ नये म्हणून.

चार केंद्रांचा अहवाल नागपूरला गेला. इतका जुळणारा निकाल मी तोवर बघितला नव्हता. सिस्टरला मेमो गेला. तिची नोकरी हंगामी होती आणि कायम करण्याची फाईल त्याच महिन्यात टेबलावर होती. खोट्या नोंदी केल्याबद्दल सेवा समाप्त का करू नये, याचा खुलासा करावा, असा मजकूर. खुलासा आला तो एका ओळीचा, शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरात. 'मी नोंदी खऱ्या केल्या आहेत, येऊन पाहावे.'

साहेबांनी तो बाजूला ठेवला. माझ्या मात्र डोक्यात एक किडा वळवळायला लागला. घरी बसून आकडे भरणारा माणूस चांगले आकडे भरेल. साहेब खूश होतील, काम संपेल. स्वतःला नापास करणारे आकडे कोण बनवतं? आणि बनवायला तरी डोकं लागतं. तिच्या फॉर्मात एका बाईचं रक्त वाढलेलं, दुसरीचं होतं तिथंच, तिसरीचं उतरलेलं. ते आकडे बनवलेले वाटत नव्हते.

मी साहेबांना म्हटलं, एकदा बघून येतो. साहेब म्हणाले, दोन दिवस देतो, पुरावा घेऊन या. कशाचा पुरावा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सोबत दुसऱ्या केंद्रावरची तपासणीची पेटी घेऊन गेलो. म्हटलं, सिस्टरच्या नळीतच दोष असेल. केंद्राच्या ओट्यावर ती भेटली. तिशीची बाई, सायकल भिंतीला टेकवलेली. मेमो देणाऱ्या ऑफिसातून आलो म्हटल्यावर ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

मी आधी सामान तपासलं. माझंच बोट टोचून एक थेंब तिच्या नळीत घातला, एक आणलेल्या नळीत. दोन्हीकडे सारखंच आलं. सारखंच कमी. सिस्टर पहिल्यांदा हसली. "बाबू, तुमालेच गोळ्या लागतेत जी." आम्ल ताजं होतं. उजेड चांगला होता. ती थांबायचा वेळ घड्याळावर मोजत होती, तो मी माझ्या घड्याळावर मोजला. मग गोळ्या बघितल्या, त्या बाकीच्या केंद्रांच्याच खोक्यातल्या होत्या. पोटातल्या जंतांचा विचार केला. पण चिखलात अनवाणी धानाची रोवणी करणाऱ्या बाया पाचही केंद्रांत होत्या. माझ्याकडच्या साऱ्या शंका संपल्या आणि रेघ सपाटच राहिली.

"आता घरं पाहा," सिस्टर म्हणाली. "तुमी म्हणाल ते नाव काढा."

मी रजिस्टरमधून चार नावं काढली. पहिल्या घरी सासू धान पाखडत होती. सून कुठं आहे विचारलं तर म्हणाली, "माहेरी गेली जी, दीड महिना होते आता. पहिलं बाळंतपण हाये." मी रजिस्टर उघडलं. त्या सुनेची दुसरी तपासणी तीन आठवड्यांपूर्वीची. दीड महिना गावात नसलेल्या बाईचं रक्त तीन आठवड्यांपूर्वी तपासलेलं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी कुलूप, शेजारीण म्हणाली, सुनेला माहेरी पोचवून द्यायला आजच गेले.

चोर सापडला म्हणून मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. साहेबांना काय सांगायचं याची वाक्यंही मी मनात जुळवली. सिस्टरकडे बघितलं तर ती पदरानं कपाळ पुसत होती.

"चवथ्या घरी कायले जाता बाबू," ती म्हणाली. "थेही माहेरी हाये. चला ना माहेरीच जाऊ."

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, पहिल्या दोघींचं माहेर नदीपलीकडं आहे, सायकलनं होते. चौथीचं नाकाडोंगरी. तिकडं उद्या एसटीनं.

लाखांदूर जिल्ह्याच्या एका टोकाला आणि नाकाडोंगरी दुसऱ्या. मी विचारलं, तुम्ही तिथवर गेलात? "रजा टाकली होती एक दिवस," ती म्हणाली, जणू बाजारात जाऊन आली.

नदीपलीकडच्या दोन्ही मुली भेटल्या. दोघींनी बोटं दाखवली, दोघींनी तारीख बरोबर सांगितली. एकीला अमावस्येचा दुसरा दिवस म्हणून आठवत होता, दुसरीला त्या दिवशी तिचा भाऊ मासे घेऊन आला होता म्हणून. माझी जुळवलेली वाक्यं तिथंच नदीत गेली. सायकलवरून परत येताना सिस्टर तेवढं एकदा स्वतःबद्दल बोलली. बाप मजुरी करायचा. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यानं ठरवलं की पोरगी शिकेल. "आमच्या घरातली हे पयली नोकरी हाये बाबू. तुमच्या लाल रेघेनं जाऊन राहिली." लाल रेघेबद्दल तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी पायडल मारत राहिलो. आमच्या घरातली पहिली नोकरीही माझीच होती.

दुसऱ्या दिवशी नाकाडोंगरी. जंगलाच्या कडेचं घर, बाप मँगनीजच्या खाणीवर कामाला. ओट्यावर मुलगी मोहफुलं निवडत बसलेली, आठवा महिना असावा. तिचं नाव सुमन. सिस्टरला बघून तिनं आतल्या आईला हाक मारली, "माय वो, आली पाय पुन्हा. आता अखीन किती रगत घेते कोनाले मालूम." आणि बोट पुढं केलं.

मी विचारलं, गोळ्या किती उरल्या? सुमननं आईकडं बघितलं. आई म्हणाली, गोळ्या कुठल्या? त्या तर सासरीच राहिल्या.

विसरल्या का?

"विसरली नाही जी," सुमन म्हणाली. "गठुड्यात बांधली होती बाटली. सासूनं काढून ठेवली. म्हणे, पोटुशी सून दवाईची बाटली घेऊन माहेरी गेली तं तुही माय म्हणंल, सासरच्याईनं बिमार करून धाडली."

आई हसायला लागली. "म्हटलंच असतं मी. काहून नाही म्हणू?"

मीही हसलो, आणि मग एकदम हसू थांबलं. सासूची गोष्ट या एका घरची नव्हती. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते, आणि आपल्याकडं कुठल्या घरी नाही जात? बाटली सासरी राहते. गोळ्या बंद, रक्त पुन्हा खाली. मग बाकीच्या चार केंद्रांतल्या लेकींना माहेर नव्हतं का? त्यांची रेघ वर कशी चढली?

सिस्टरनं पिशवीतून कोरा फॉर्म काढला, माझा फॉर्म, आणि खालच्या चौथ्या सूचनेवर बोट ठेवलं.

'दुसऱ्या तपासणीवेळी स्त्री गावात गैरहजर असल्यास नाव वगळावे.'

"बाकीच्या चौघी सिस्टर वगळून राहिल्या," ती म्हणाली. "त्याईची चूक नाही जी. तुमीच लिहिलं."

रिकामा रकाना दिसू नये म्हणून लिहिलेली सूचना. सुबक दिसावं म्हणून. चारही नर्सनी ती इमानदारीनं पाळली होती. माहेरी गेलेल्या सगळ्या लेकी कागदावरून गेल्या, आणि ज्या गावात राहून गोळ्या खात होत्या तेवढ्याच मोजल्या गेल्या. चार रेघा खांद्याला खांदा लावून चढल्या, कारण चारींना मीच एका साच्यातून काढलं होतं.

मी सिस्टरला विचारलं, "मग तुम्ही का नाही वगळलं?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. "ज्या बाईले मी गोळ्या देल्या, तिचं काय झालं थे मले पाहाचं होतं," ती म्हणाली. "थे गावात नाही म्हणून तिचं रगत वाढलं का?"

भंडाऱ्याला परत येताना एसटीत मी आलेखाचा कागद उघडून बसलो होतो. मजा अशी होती की खोटं कुणीच बोललं नव्हतं. चार केंद्रं एका प्रश्नाचं उत्तर देत होती, की गोळी खाल्ली तर रक्त वाढतं का? वाढतं. पाचवं केंद्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत होतं, की बाईच्या हातात गोळी दिली तर रक्त वाढतं का? ती बाई कुणाच्या घरी आहे त्यावर आहे. आणि मी दोन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर काढून, न जुळणाऱ्या उत्तरावर फुली मारली होती.

साहेबांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच ते खुर्चीत बसून ऐकत होते. फॉर्म मागवला, चौथी सूचना वाचली.

"ही कुणी लिहिली?"

"मी."

"आणि मंजूर कुणी केली?"

त्यांनी फॉर्मच्या तळाशी स्वतःची सही बघितली. माणूस वाईट नव्हता. त्याच दिवशी चारही केंद्रांना पत्रं गेली, वगळलेल्या बायांना माहेरी गाठा म्हणून. काही बाळंत झाल्या होत्या, काही सापडल्या नाहीत. ज्या सापडल्या त्यांचे आकडे घेऊन मी पुन्हा पाच रेघा काढल्या. आता पाचही जुळल्या. मात्र चार खाली उतरून पाचवीच्या शेजारी येऊन बसल्या होत्या.

नागपूरला सुधारित अहवाल गेला. गोळ्या नेण्याचा तोडगा सिस्टरनंच सुचवला. लेकीसोबत बाटली द्यायची नाही, माहेरच्या गावच्या नर्सच्या नावानं चिठ्ठी द्यायची. बाटली दिसते, चिठ्ठी कमरेला खोसता येते. फॉर्ममध्ये मी एक नवा रकाना घातला, 'माहेरचे गाव'. जुनी चौथी सूचना काढली. तिच्या जागी दुसरी घालावी असं काही सुचलं नाही म्हणून पाचच सूचना ठेवल्या.

यानंतर बऱ्याच वर्षांनी नागपूरला एका प्रशिक्षणात मला पहिल्यांदा 'मेटा-अ‍ॅनालिसिस' हा शब्द भेटला. शिकवणारे तरुण होते, परदेशातून शिकून आलेले. फळ्यावर सूत्र मांडून त्यांनी सांगितलं की वेगवेगळ्या अभ्यासांचे निकाल एकत्र करण्याआधी ते आपसात जुळतात का हे तपासावं लागतं. मग विचारलं, एखादा जुळला नाही तर काय कराल? कुणी म्हणालं वगळू, कुणी म्हणालं वगळून आणि न वगळून दोन्ही करू. मी म्हटलं, एसटीनं जाऊन बघू. वर्ग हसला. सरही हसले, पण मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, कुठं? मी सांगितलं, माहेरी. तो तास त्या दिवशी सूत्रापर्यंत परत पोचलाच नाही.

इथंच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मेमोचं राहिलं.

मेमो मागे घेतल्याचं पत्र निघालं होतं. ते पथकाच्या फाईलला लागलं. मेमो मात्र सिस्टरच्या स्वतःच्या फाईलला. पथक बंद झालं तशी पथकाची फाईल कुठल्या खोलीत गेली ते कुणालाच सांगता येईना. सिस्टर कायम झाली, पण उशिरा, तिच्या मागून लागलेल्या दोघी पुढं गेल्यावर. आणि दर वेळी नवा अधिकारी आला, फाईल चाळली, की त्याला एकच कागद दिसायचा, खोट्या नोंदी. मग मला निरोप येई, "बाबू, पुन्हा विचारून राहिले." मी माझ्याजवळची कार्बन प्रत घेऊन जायचो. ते अधिकारी वाचायचे, ठीक आहे म्हणायचे, प्रत परत द्यायचे. कार्बन प्रत फाईलला लावत नाहीत. असं तीनदा झालं.

चौथ्या वेळी अधिकारी एक मॅडम होत्या. तरुण, बोलायला मोजक्या. सिस्टर आधीच येऊन उभी होती, केस कानाजवळ पांढरे झालेले. मॅडमनी मेमो वाचला, माझी प्रत वाचली आणि मला विचारलं, आपण कोण? म्हटलं, ती चौथी सूचना लिहिणारा.

मॅडम सिस्टरकडं वळल्या. "म्हणजे ज्यांच्यामुळे ठपका आला, तेच साक्षीला?"

"हो जी," सिस्टर म्हणाली. "बाकीच्याईनं कागद पाह्यला. हे घरं पाहाले आले."

मॅडमनी प्रत पुन्हा वाचली. मग ती माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, खाली लिहा, मूळ पत्र माझ्यासमोर निघाले. नाव, हुद्दा घाला, सही करा. मी प्रमाणित करते आणि फाईलला लावते.

इतकं सोपं होतं. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, आणि मी बी.एस्सी.

खिशातून पेन काढलं. सवयीनं लालच हाताला आलं. टोपण काढतो तोवर सिस्टरनं आपल्या पिशवीतलं निळं पेन माझ्यापुढं धरलं.

"लाल नोको जी," ती म्हणाली.